मेंढी दिली, माळ नेला

मेंढपाळांना सरकारनं आणखी काय द्यायचं राहिलं आहे, असा सवाल नांदेड-लातूरकडे हल्ली सर्रास ऐकू येतो. बँकेतले साहेब विचारतात, पंचायत समितीच्या व्हरांड्यात विचारला जातो. शेतकऱ्यांसाठी रस्त्यावर उतरणारे कार्यकर्तेही विचारतात, याचं मला जास्त वाईट वाटतं. त्यांचं म्हणणं असं: राजे यशवंतराव होळकरांच्या नावानं महामेष योजना आहे, पंचाहत्तर टक्के अनुदान आहे, पावसाळ्यात चराईसाठी रोख पैसे आहेत, पुण्यात अख्खं महामंडळ आहे. एवढं असूनही हा माणूस मेंढरं हाकत गावोगाव हिंडतो, पोरांची शाळा बुडवतो, दुसऱ्याच्या रानात शिरतो, लावलेली झाडं खाऊन टाकतो. तेव्हा सरकारनं आता हात आखडता घ्यावा. किंवा निदान अट घालावी की आधी भटकणं सोड, गोठा बांध, बंदिस्त पाळ आणि मग अनुदान माग.

या म्हणण्यातला एकेक तुकडा वेगळा धरला तर त्यात थोडंफार तथ्य सापडतं. सगळे जोडून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे. तो सरकारदरबारी मान्य झाला, तर बालाघाटच्या माळांवर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणाऱ्या हटकर धनगरांच्या घरादारावर घाव बसेल, म्हणून त्याला उत्तर दिलं पाहिजे. माझ्या उत्तराचा गाभा एवढाच: सरकारनं एका हातानं मेंढी दिली आणि दुसऱ्या हातानं तिच्या तोंडचा चारा काढून घेतला. मेंढपाळाचं अपयश म्हणून जे आज दाखवलं जातं, ते या दुसऱ्या हाताचं काम आहे.

आधी पहिल्या हाताबद्दल. 2017 साली सुरू झालेली महामेष योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही. 20 मेंढ्या आणि 1 नर असा गट, त्याच्या किमतीवर 75 टक्के अनुदान, महिलांसाठी 30 टक्के वाटा, ज्याच्याकडे आधीच मेंढरं आहेत त्याला सुधारित जातीचा नर, मुरघासाला निम्मी मदत. भटक्या जमाती-क प्रवर्गातल्या कुटुंबांसाठी ही योजना आहे. तिच्यातलं चराई अनुदान तर मला सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं. किमान 20 मेंढ्या आणि 1 नर बाळगणाऱ्या कुटुंबाला जून ते सप्टेंबर दरमहा 6,000 रुपये, म्हणजे चार महिन्यांचे 24,000. हे ज्यानं सुचवलं त्याला मेंढपाळाचं वर्ष ठाऊक असणार. पावसाळ्यात शिवारभर उभं पीक असतं, डोंगरावर रोपवनं बंद असतात, आणि मेंढरांना उरतो तो रस्त्याच्या कडेचा पट्टा, नाल्याचा काठ, बांध. पायाखाली सतत चिखल राहून खूर कुजतात, जंत होतात, कोकरं गारठतात. त्या काळात कुटुंबाच्या हातात रोख रक्कम देणं म्हणजे अडचण चाऱ्याची आहे हे शासनानंच कबूल करणं होतं.

पण या अनुदानाला उद्दिष्ट असतं. जिल्ह्याला अमुक इतके लाभार्थी, तेवढे निवडले की यादी बंद. अर्ज ऑनलाइन भरायचा, जातीचा दाखला जोडायचा, आधार आणि बँक खातं जुळलेलं हवं, आणि मेंढीगटासाठी पंचवीस टक्के स्वतःचे हवेत. ज्याचा मुक्काम दर तीन-चार दिवसांनी बदलतो, ज्याच्या वाड्यावर फोन चार्ज करायलाही गावात जावं लागतं, त्याला अर्जाची मुदत संपल्यावर योजना कळते. यादीत न आलेल्यांची संख्या आलेल्यांपेक्षा कितीतरी मोठी असते. ‘एवढं दिलं’ असं म्हणताना आपण यादीतल्यांकडे बोट दाखवतो आणि हिशेब मात्र सगळ्या समाजाच्या नावावर मांडतो. हे न्यायाला धरून नाही.

इथं विरोधक तेलंगणाचा दाखला देतात, आणि तो टाळून पुढं जाणं मला योग्य वाटत नाही. देगलूर, बिलोली, धर्माबाद ओलांडलं की तेलंगणा सुरू होतं. त्या राज्यानंही 2017 सालीच, जून महिन्यात, गोल्ला-कुरुमा समाजासाठी मेंढीवाटप सुरू केलं. गट तोच, 20 अधिक 1. अनुदान तेच, 75 टक्के. गटाची किंमत सुरुवातीला सव्वा लाख, पैकी 31,250 लाभार्थ्याचे. फरक होता तो आकाराचा: तिथं सात लाखांहून जास्त कुटुंबं डोळ्यांसमोर होती. पुढं काय झालं ते सर्वांना माहीत आहे. कॅगनं कागद तपासले तेव्हा मेंढ्या वाहून नेल्याच्या नोंदींत दुचाक्यांचे, ऑटोंचे आणि रुग्णवाहिकांचे क्रमांक निघाले. तीच मेंढरं पुन्हा पुन्हा फिरवून नवी म्हणून दाखवल्याचे आरोप झाले. आधी लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आणि मग ईडी चौकशीला उतरली.

यावरून आपल्याकडचे टीकाकार म्हणतात, बघा, मेंढ्या वाटल्या की पैसा मुरतो. तो मुरला कुठं, हे मात्र ते बघत नाहीत. घोटाळा खरेदीत झाला. मेंढी निवडणारा, भाव ठरवणारा, गाडी भरणारा हा मेंढपाळ नव्हता. मधले दलाल होते, त्यांच्या पावत्यांवर सही करणारे अधिकारी होते. ज्याला बाजारात उभं राहून मेंढीचे दात बघून वय सांगता येतं, पाठीवर हात फिरवून वजन सांगता येतं, त्या माणसाला खरेदीतून बाहेर ठेवलं आणि चोरी झाल्यावर त्याच्याच जातीकडे बोट दाखवलं. आणि त्याच राज्यात 2019 च्या पशुगणनेत मेंढ्या एक कोटी नव्वद लाखांवर गेल्या, आधीच्या गणनेपेक्षा जवळपास निम्म्यानं जास्त, देशात पहिला क्रमांक. क्षेत्रफळानं अडीच पटीहून मोठ्या असलेल्या महाराष्ट्रात त्या वेळी मेंढ्या होत्या सत्तावीस लाखांच्या आसपास. तेलंगणाकडून शिकायचं असेल तर दलाल काढायला शिकावं. मदत बंद करण्याचा धडा त्यातून निघत नाही.

आता दुसऱ्या हाताकडे येतो, कारण खरं भांडण तिथं आहे.

मेंढरू तीन ठिकाणी चरतं: गावच्या गायरानावर, वनखात्याच्या डोंगरावर आणि पीक निघालेल्या रानात. गेल्या तीस-चाळीस वर्षांत नांदेड-लातूरमध्ये ही तिन्ही ठिकाणं आवळत गेली, आणि तिन्हींच्या मागं शासनाचं धोरण आहे.

रानापासून सुरुवात करू. पूर्वी इकडे खरिपाची ज्वारी असायची, तिचा कडबा असायचा, मूग-उडीद निघाला की रान मोकळं पडायचं. आज लातूरच्या खरिपाचं बहुतेक रान सोयाबीनखाली आहे, आणि नांदेडात सोयाबीनच्या जोडीला कपाशी. सोयाबीन काढलं की लगेच हरभऱ्याची पेरणी. मधली जी मोकळी फट मेंढरांची होती ती गेली. सोयाबीनचं भुसकट ज्वारीच्या कडब्याची जागा घेऊ शकत नाही. त्यातच तणनाशकाची फवारणी घरोघर पोचली. बांधावरचं, सरीतलं जे गवत शेतकऱ्याला तण वाटतं ते मेंढीचं अन्न होतं. आता ते पिवळं पडून मरतं, आणि फवारलेल्या रानात मेंढरं घालायला मेंढपाळ भितो. कपाशीची शेवटची वेचणी झाल्यावर पऱ्हाटीत मेंढरं सोडायची रीत अजून टिकून आहे, तेवढाच आधार. यात शेतकऱ्याचा दोष मी काढत नाही. भाव सोयाबीनला होता, बियाणं सोयाबीनचं मिळालं, तो तिकडे गेला. पण शेती अशी फिरली तेव्हा मेंढपाळाचं काय होईल, हा प्रश्न कृषी विद्यापीठापासून मंत्रालयापर्यंत कुणाच्या टिपणात आला नाही.

डोंगराचं तर जाहीर धोरणच झालं. आदर्श गाव योजनेच्या सूत्रांमध्ये कुऱ्हाडबंदीला लागून चराईबंदी आहे. राळेगणसिद्धी, हिवरेबाजार या गावांनी केलेल्या कामाबद्दल मला आदर आहे, आणि त्यांनी स्वतःच्या डोंगरावर स्वतःच्या ग्रामसभेत घेतलेला निर्णय त्यांचा होता. पण पुढं चराईबंदी हे राज्यभर विकासाचं ब्रीद झालं. लोहा, कंधार, मुखेड, अहमदपूर, जळकोटच्या डोंगरांवर रोपवनं लागली, चर खणले गेले, भोवती तार आली, फलक लागला. बंदी किती वर्षांची, त्यानंतर डोंगर कुणासाठी उघडणार, तोवर मेंढरं कुठं जाणार, याचा शब्द त्या फलकावर नसतो. असतो तो दंडाचा.

मेंढ्यांनी जंगल खाल्लं हा आरोप इथंच येतो. नव्यानं लावलेली रोपं मेंढरं-शेळ्या खातात, हे खरं आहे. चार-पाच वर्षं रोपवनाला राखण हवी, हेही खरं. पण बालाघाटचा माळ म्हणजे मेंढ्यांनी खाल्लेलं जंगल आहे, ही समजूत विज्ञानानं मागं टाकली आहे. दख्खनच्या पठारावरचे गवताळ माळ ही फार जुनी, स्वतंत्र परिसंस्था आहे. उथळ माती आणि मोजका पाऊस असला की तिथं गवत, बोरी-बाभळी आणि खुरटी झुडपंच शोभतात. तिथं चरणारी जनावरं, त्यांच्यामागं लांडगा, गवतात अंडी घालणारे पक्षी असं सगळं मिळून तो माळ जगतो. महसुली दफ्तरानं त्याला पडीक म्हटलं, आणि पडीक म्हटल्यावर जो येईल त्याला तो द्यायला शासन मोकळं झालं. चराई आलटून-पालटून ठेवली, एक वनखंड बंद असताना शेजारचा उघडा राहिला, तर गवतही राहतं आणि मेंढीही. हिमाचलात गद्दी मेंढपाळांना वनखात्याचे चराई परवाने पिढ्यांपासून आहेत. कोणत्या कुटुंबानं कोणत्या कुरणात कधी जायचं हे ठरलेलं असतं. हिमालयात जे जमतं ते बालाघाटात का जमू नये, याचं उत्तर वनखात्यानं द्यायला हवं.

आणि गायरान. हा सगळ्यांत दुखरा भाग आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966. तिच्या कलम 22 नुसार गावाला मोफत चराईसाठी जमीन नेमून देता येते. कलम 23 सांगतं की अशा जमिनीवर चराईचा हक्क ज्या गावाला ती जमीन नेमून दिली आहे त्याच गावच्या जनावरांपुरता. या ओळीत फिरत्या मेंढपाळाचं सगळं आयुष्य बेकायदा ठरतं. अहमदपूर तालुक्यातला मेंढपाळ चाकूर तालुक्यात शिरला की त्याच्या मेंढरांना तिथल्या गायरानावरच्या काडीचाही हक्क नाही. आजवर त्याला चारा मिळाला तो गावकऱ्यांच्या मनाच्या मोठेपणावर, पाटलाच्या ओळखीवर, मेंढरं रानात बसवण्याच्या व्यवहारावर. कायदा त्याच्या बाजूनं कधीच नव्हता. पूर्वी माळ मोठा होता म्हणून ते खपून गेलं.

आता माळच उरलेला नाही. 2011 साली जगपालसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं गावच्या सामाईक जमिनी वाचवा, त्यांवरची अतिक्रमणं काढा, असं सर्व राज्यांना बजावलं. आपल्या राज्यानं त्यावर आदेशही काढला. त्यानंतरच्या वर्षांत मात्र गायरान ही सरकारी प्रकल्पांची हक्काची जागा झाली. 2023 साली आलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये सौर प्रकल्पांसाठी सरकारी आणि गायरान जमिनी घेतल्या जातात. ग्रामपंचायतीला त्याबद्दल वर्षाला 5 लाख असे तीन वर्षं पैसे मिळतात. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हे माझंही मागणं आहे. रात्री पाणी द्यायला गेलेली माणसं साप चावून मेलेली या भागानं पाहिली आहेत. पण तारेचं कुंपण पडल्यावर त्या गायरानात जो मेंढरं चारत होता, त्याला काय मिळालं? पैसे ग्रामपंचायतीला, वीज शेतकऱ्याला, प्रकल्प कंपनीला. मेंढपाळ त्या व्यवहारात पक्षकारच नाही, कारण कलम 23 प्रमाणे तो गावचा नव्हे. आणि गावचा असला तरी त्याच्या नावावर सातबारा नाही.

इथं एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण तिचा विपर्यास होतो. मराठवाड्यात गायरानावर भूमिहीन दलितांनी हक्क सांगितला, कसून खाल्लं, त्यापायी मार खाल्ला. दादासाहेब गायकवाडांनी 1964 साली देशभर नेलेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापर्यंत त्या लढ्याची मुळं जातात. तो हक्क खरा आहे. धनगरांच्या चराईचं नाव पुढं करून कुणी त्या कुटुंबांना हुसकावायला निघालं तर मी त्यांच्या विरोधात उभा राहीन. गायरान संपलं ते दोन एकर कसणाऱ्या मातंग किंवा बौद्ध कुटुंबामुळं संपलेलं नाही.

चारा असा तिन्ही बाजूंनी आटल्यावर सल्ला येतो: बंदिस्त पाळा. हा सल्ला देणाऱ्यांनी एकदा कागदावर आकडे मांडावेत. मोठ्या मेंढीला दिवसाला तीन किलो हिरवा चारा आणि पाऊण किलो वाळला धरला, तर 21 मेंढरांच्या गटाला रोज 63 किलो हिरवा आणि पंधरा-सोळा किलो वाळला लागतो. वर्षाचा झाला तेवीस टन हिरवा, पावणेसहा टन वाळला. खुराक वेगळा, पाणी वेगळं. हा चारा पिकवायला ओलिताची जमीन हवी. बहुसंख्य मेंढपाळांकडे जमीन नाही, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांची माळावरची, मुरमाड. एप्रिल 2016 मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं, त्या जिल्ह्यातल्या भूमिहीन माणसाला आपण बारमाही हिरवा चारा पिकवायला सांगतो आहोत. आपली दख्खनी मेंढी तर चालण्यासाठीच घडलेली आहे. दिवसाकाठी मैलोन्‌मैल चालून, ज्या गवताला दुसरं जनावर तोंड लावणार नाही त्यावर ती जगते, वाढते, विते. तिला चार भिंतींत कोंडून विकतचा चारा घातला की तिचा सगळा फायदाच संपतो.

बंदिस्त पालन कुणाला परवडतं ते शासनाच्या योजनाच सांगतात. केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात 500 मेंढ्या आणि 25 नरांच्या प्रकल्पाला 50 टक्के, म्हणजे 50 लाखांपर्यंत भांडवली अनुदान आहे. सगळ्यांत लहान प्रकल्प 100 अधिक 5 चा. त्याला बँकेचं कर्ज हवं किंवा स्वतःचा पैसा, जमीन हवी, प्रकल्प अहवाल हवा. जुलै 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं पशुसंवर्धनाला शेतीसमान दर्जा दिला. निर्णय चांगला आहे, त्यातून वीजदरात आणि कर्जाच्या व्याजात सवलत मिळते. पण उघड्यावर, जाळीच्या कुंपणात मेंढरं कोंडून त्यांच्या शेजारी झोपणाऱ्या कुटुंबाकडे विजेचं मीटर कुठं आहे? हे सगळं मिळो, ज्याला जमतं त्यानं जरूर करावं. मात्र त्याचं नाव मेंढपाळांना मदत असं ठेवू नये. या वाटेनं गेलो तर दहा वर्षांनी राज्यात मेंढ्या वाढलेल्या असतील आणि मेंढपाळ दुसऱ्याच्या शेडवर पगारी गडी झालेला असेल.

फुकटाची सवय लागते, असंही म्हणतात. मग मेंढपाळ समाजाला फुकट काय देतो तेही मोजा. मेंढरं रानात बसवली की लेंडी आणि मूत जागेवरच मातीत जातं, वाहतूक नाही, मजुरी नाही. ज्यानं रानात मेंढरं बसवली त्या शेतकऱ्याला पुढच्या दोन हंगामांत पिकात फरक दिसतो. त्याबद्दल तो मेंढपाळाला धान्य देतो किंवा थोडे पैसे. मराठवाड्याच्या जमिनीत सेंद्रिय कर्ब घटत चालल्याचं दरेक कृषी मेळाव्यात सांगितलं जातं. त्याच जमिनीत रासायनिक खत टाकायला केंद्र सरकारनं 2022-23 या एका वर्षात अडीच लाख कोटींहून जास्त अनुदान दिलं. पोत्यातल्या खतावर एवढा खर्च आणि चालत येऊन रानात बसणाऱ्या खतावर शून्य. पीएम किसानचे वर्षाला 6,000 आणि राज्याच्या नमो सन्मान निधीचे 6,000 जमीनधारकालाच मिळतात, भूमिहीन मेंढपाळाला त्यातला रुपयाही नाही. लोकरीला तर भावच राहिला नाही. काळी जाड लोकर कातरायची मजुरी लोकरीच्या किमतीहून जास्त पडते, आणि घोंगडी विणणारे सनगरांचे माग बंद पडत गेले. मांस सोडून मेंढीचं दुसरं उत्पन्नच आपण राहू दिलं नाही, आणि त्या मांसाचा भाव ठरतो हैदराबादच्या व्यापाऱ्यांच्या हातात.

आपत्तीची गोष्ट घ्या. ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात एका रात्रीत पाणी चढलं. हसनाळ, रावणगाव ही गावं बुडाली, माणसं गेली, जनावरं दावणीलाच मेली. सप्टेंबरात लातूर, नांदेड, धाराशिव, बीड पुन्हा पाण्याखाली आले. राज्य आपत्ती निधीच्या निकषात मेलेल्या मेंढी-शेळीला 4,000 रुपये आहेत आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त 30 लहान जनावरांची मर्यादा. दीडशे मेंढरांचा कळप गेला तरी भरपाई 1 लाख 20 हजारांवर थांबते. त्या पुरानंतर राज्यानं जनावरांच्या संख्येची मर्यादा काढत असल्याचं जाहीर केलं, ते योग्यच झालं. ती सवलत एका पुरापुरती न राहता निकषातच कायमची बसली पाहिजे. शिवाय पंचनामा होतो तो गावाच्या यादीवरून, आणि फिरता मेंढपाळ ज्या शिवारात सापडला तिथल्या यादीत त्याचं नाव नसतं.

विम्याचं तसंच. 2024 साली केंद्रानं मालकाचा हप्त्यातला वाटा 15 टक्क्यांवर आणला आणि 100 मेंढ्यांपर्यंत विमा खुला केला. एवढा चांगला निर्णय वाड्यावर पोचलेला नाही. पीपीआर, देवी, आंत्रविषाराच्या लसी सरकारी दवाखान्यात येतात, पण लसीकरणाची नोंद गावनिहाय. कळप आंत्रविषाराच्या लसीच्या वेळी, म्हणजे पावसाच्या तोंडावर, भलत्याच तालुक्यात असतो. 1962 क्रमांकाची फिरती पथकं आहेत. त्यांचा फेरा मेंढपाळांच्या मुक्कामांशी जोडायला नवा कायदा लागत नाही, जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्ताची इच्छा लागते. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मुखेडला महामंडळाचं मेंढीपैदास केंद्र आहे. फलटणच्या निंबकर संस्थेनं दख्खनीत जुळी कोकरं देणारा गुण उतरवून सुवर्णा मेंढी तयार केली. एवढं ज्ञान याच राज्यात असताना कंधारच्या कळपातला नर कसा निवडला जातो हे एकदा जाऊन बघा: जो हाताशी असेल तो.

आणि भटकण्यामुळं पोरांची शाळा बुडते, या आक्षेपाला एकच उत्तर आहे. वसतिगृहं द्या, चांगली द्या. आईबापांचा धंदा मोडून शाळा भरत नाही.

तर मागणी काय? चराई अनुदानावरचं उद्दिष्टाचं बंधन काढा. जो निकषात बसतो त्या प्रत्येकाला ते मिळू द्या, आणि नोंदणी वाड्यावर जाऊन करा. 2024 साली सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत फिरत्या पशुपालकांची पहिल्यांदा स्वतंत्र मोजणी झाली, तेव्हा यादी कुठून आणायची हा बहाणाही आता चालणार नाही. मेंढी खरेदीचे पैसे मेंढपाळाच्या खात्यात टाका, खरेदी त्याला करू द्या. 2006 च्या वनहक्क कायद्यातल्या कलम 3(1)(घ) मध्ये भटक्या पशुपालकांचा चराईचा आणि हंगामी वावराचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. धनगरांना तो मागताना 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचा पुरावा द्यावा लागतो. अट जड आहे, पण ज्यांचे आजे-पणजे त्याच डोंगरांत मेंढरं चारत होते त्यांना अशक्य नाही. नांदेड-लातूरच्या जिल्हास्तरीय समित्यांनी अर्जांची वाट न बघता वाड्यांवर जाऊन हे दावे भरून घ्यावेत. लातूरच्या सीमेपलीकडे, बीदरपासून सुरू होणाऱ्या कर्नाटकात, विधिमंडळानं ऑगस्ट 2025 मध्ये फिरत्या मेंढपाळांच्या संरक्षणाचं आणि कल्याणाचं विधेयक मंजूर केलं. त्यात मेंढपाळावर हल्ला करणाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे. औराद शहाजानीपलीकडे जो हक्क मिळतो तो अलीकडे का नसावा?

संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष कुरणांचं आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलं आहे. त्या निमित्तानं भाषणं होतील, सत्कार होतील. मला त्यापेक्षा कलम 23 मध्ये एक दुरुस्ती हवी आहे: नोंदणीकृत फिरत्या मेंढपाळाच्या जनावरांना ठरलेल्या काळात, ठरलेल्या मार्गावरच्या गायरानात चराईचा हक्क राहील, आणि गायरान दुसऱ्या कामाला देताना तेवढीच चराईची जमीन आधी नेमून द्यावी लागेल. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत दरवर्षी पशुप्रदर्शन भरतं, मंत्री येतात, दोन्ही जिल्ह्यांचे आमदार व्यासपीठावर बसतात. येत्या मार्गशीर्षात त्यांच्यातला कोण ही दुरुस्ती मांडायला तयार आहे, हे तिथंच, मेंढरांच्या मालकांसमोर, विचारलं जाणार आहे.